माझ्या मरणाच्या दिवशी वर्गाला सुट्टी नाही

मृत्युपत्र

मी, शांतम्मा भ्रतार ईश्वरप्पा हिप्परगे, वय ऐंशीच्या पुढे, धंदा पूर्वी किराणा दुकान व सध्या घरावर लक्ष ठेवणे, राहणार लातूर, आज पूर्ण शुद्धीवर आणि पूर्ण रागात हे मृत्युपत्र करून ठेवते.

‘रागात’ हा शब्द घालू नये, असे दस्तलेखक हरिओम यांचे मत पडले. उद्या कोर्टात विचारतील म्हणे, म्हातारी भानावर होती का? म्हणून सकाळीच डॉक्टरांना घरी बोलावून दाखला घेतला, तो सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी विचारले, “अव्वा, आज वार कोणता?” मी म्हटले, “सोमवार. उपास हाय, म्हणून तर एवढी धार आली.” त्यांनी लगेच सही केली. शब्द राहू द्यावा.

मला लिहिता-वाचता येत नाही आणि आता शिकायचेही नाही. मी बोलते आणि हरिओम लिहितो. मालकांचे नाव मी उभ्या जन्मात तोंडाने घेतलेले नाही. वर आले आहे ते हरिओमने आधार कार्डावरून उतरवले, माझ्याकडे बोट दाखवू नये. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. दबाव टाकणारा माझा थोरला मुलगा मृत्युंजय सकाळपासून गिऱ्हाइकांना प्लॉट दाखवायला शिरूर अनंतपाळ रोडला गेला आहे, म्हणून तर आजचा दिवस धरला.

मला तीन लेकरे. थोरला मृत्युंजय. मधली उज्वला, ती नांदेडला दिली. धाकटा दयानंद, तो करोनात गेला. दयानंदची बायको मंजुषा, माहेर हदगाव, माझ्याजवळ राहते. तिने मला काही मागितलेले नाही. हे मृत्युपत्र तिने करून घेतले, असे म्हणणारा जो कोणी उभा राहील त्याचे नाव मृत्युंजय असेल, हे आधीच नोंदवून ठेवते.

माझी मिळकत दोन ठिकाणी आहे. एक, लातूरचे दुमजली घर. ते भूकंपानंतर माझ्या माहेरच्या पाटल्या आणि गोठ मोडून बांधले, माझ्याच नावावर. दुसरी, शिरूर अनंतपाळ रोडला लागून असलेली जमीन. ती मालकांनी घेतली आणि तीही माझ्या नावावर केली. मी विचारले, असे का? तर म्हणाले, “घरात तुझं कुणी ऐकत न्हाई. कागद तरी ऐकंल.” दोन्हीवर मला पूर्ण अधिकार आहे.

आता हे सगळे कशावरून झाले ते लिहिणे भाग आहे. हरिओम म्हणतो, मृत्युपत्रात गोष्ट बसत नाही. मी म्हटले, तू बसव.

घराच्या वरच्या मजल्यावर हॉल आहे. दयानंद गेल्यावर मंजुषा तिथे संध्याकाळी इंग्रजी शिकवू लागली. भोकरकडून नर्सिंगला आलेल्या मुली यायच्या, रिक्षावाले यायचे, आपल्या गल्लीतली भाजीवाली साखराबाई यायची. तिच्या नातवाच्या शाळेत पालकांशी इंग्रजीत बोलतात आणि ती नुसती मान हलवून येते, त्याचा तिला संताप. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर तूर निवडत बसायची. जिन्यातून सगळे ऐकू येते.

इंग्रजीत एक आडवा कायदा आहे. मुलगा एकटा पळाला तर ‘बॉय रन्स’. पुष्कळ पळाले तर ‘बॉईज रन’. म्हणजे एकट्याच्या कामाला मागे एक एस लावायचा आणि घोळक्याच्या कामाला नाही. हे कुणाच्या डोक्यात शिरेना. सगळी मंडळी ‘बॉईज रन्स’ म्हणायची. साखराबाई तर भांडायलाच उठली. “मॅडम, पोरं जास्ती, तर कामाला एस बी जास्ती पाहिजे की! एकट्याला कशाला चढवता?”

मंजुषाने मालकांच्या दुकानातल्या जुन्या तराजूचा, पारडे टांगायचा लोखंडी आकडा शोधून काढला. तो दिसतोही एससारखा म्हणे. तिने साखराबाईला एकटीला उभे केले, आकडा हातात दिला. “तुम्ही एकट्या आहात, धरा. साखराबाई सेल्स, म्हणजे विकते. आता दुसरी कुणी शेजारी आली की आकडा खाली ठेवायचा.” नर्सिंगची एक मुलगी जाऊन उभी राहिली. साखराबाईने आकडा खाली ठेवला आणि म्हणाली, “अगं बाई, हलकं वाटलं.” त्या दिवसापासून हॉलमध्ये आकड्याचा आवाज येऊ लागला. ठेवला, उचलला, ठेवला. कुणी चुकले तर सगळे मिळून ओरडायचे, “आकडा, आकडा!”

तूर निवडता निवडता माझ्या मनात आले, एकट्या माणसाच्या कामाला जास्तीचे ओझे लागते, हे कुणी पुरुषाने ठरवलेले नसणार. इंग्रजांच्यात एखादी विधवा असेल, तिने सांगितले असेल.

मी मंजुषाला एकदा विचारलेही, “घर म्हणजे पुष्कळ माणसं. मग घराला काय लावता?”

“एकच धरतात अव्वा. फॅमिली इज.”

“आन् त्या घरात भांडण लागलं तर?”

ती हसली. “मग ‘फॅमिली आर’ म्हणणारेही लोक आहेत. एकेक माणूस सुटा मोजतात.”

“आपल्याला तेच लाव,” मी म्हटले.

गेल्या दिवाळीच्या आधी मी डोळ्याच्या ऑपरेशनला नांदेडला उज्वलाकडे गेले. काळा चष्मा लावून परत आले तर जिना गप्प. हॉलला भले मोठे कुलूप. बाके भंगारवाल्याला दिलेली. फळा गच्चीवर पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून टाकलेला. शिकायला येणाऱ्यांना मृत्युंजयने सांगितले होते, मॅडम कायमच्या हदगावला गेल्या. मॅडम तर स्वयंपाकघरात बसलेली, डोळे सुजवून. हॉलमध्ये कोचिंगच्या पोरांसाठी खाटा टाकायचे त्याने ठरवले होते.

मी मृत्युंजयला विचारले, काय म्हणालास तू तिला? तो म्हणाला, “काय वाईट बोललो? म्हटलं, एकटी बाई, एवढ्या हॉलचं काय करती? भाऊ सांभाळतील की हदगावला.”

मी भांडण पुढे ढकलले. डॉक्टरांनी डोळ्याला ताण देऊ नको म्हणून सांगितले होते. आता डोळा बरा आहे. कलमे पुढीलप्रमाणे.

कलम पहिले. घराचा खालचा मजला माझी मुलगी उज्वला हिला देते. मृत्युंजय आणि त्याची बायको तिथे राहतात, त्यांनी उज्वलाला विचारून राहावे. उज्वलाने लहानपणी मृत्युंजयच्या हातचा पुष्कळ मार खाल्ला आहे. तिची आठवण चांगली आहे. भाडे घ्यावे की नाही हे तिने ठरवावे. मी असते तर घेतले असते.

कलम दुसरे. वरचा हॉल मंजुषा भ्र. दयानंद हिप्परगे हिला कायमचा देते. जिन्यासह देते. गच्चीवरच्या टाकीसह, नळासह आणि लाइटीच्या मीटरसह देते. जिना वेगळा लिहायचे कारण असे की, नाही लिहिला तर मृत्युंजय जिन्यात भिंत घालील. मी त्याला नऊ महिने पोटात आणि पुढे सगळा जन्म घरात बाळगले आहे, मला तो पाठ आहे. मंजुषाने पुढे दुसरे लग्न केले तरी हॉल तिचाच. हरिओमने इथे वर मान करून पाहिले. मी म्हटले, लिही. चांगला माणूस भेटला तर करावेच, फक्त तो प्लॉटचा धंदा करणारा नसावा.

कलम तिसरे. हॉलला लावलेले कुलूप मृत्युंजयने स्वतः खरेदी केले आहे, त्यामुळे ते त्याला परत देते. किल्ली मंजुषाला देते.

कलम चौथे. तराजूचा आकडा वर्गाला. तो देव्हाऱ्यात ठेवू नये, घासून चकचकीतही करू नये. हातात फिरत राहिला तर आपोआप चमकेल.

कलम पाचवे. मृत्युंजयच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, ज्यावर तो हात जोडून उभा आहे आणि खाली ‘भावी नगरसेवक’ असे लिहिले आहे म्हणतात, तो चौकातून उतरवल्यापासून माळ्यावर आहे. फ्लेक्स जाड आणि चांगला आहे. पुढच्या सालापासून सोयाबीनच्या ढिगावर टाकावा. तोंड खाली करून टाकावे, म्हणजे त्याची नजर मालावर राहील.

कलम सहावे. हे नीट ऐकून लिहिले आहे.

रस्त्याकडेची जमीन मी माझा थोरला मुलगा मृत्युंजय याला देते. सगळी देते. बांधासह, विहिरीसह, बोरीच्या झाडांसह. मुलाला काही दिले नाही असे कुणी म्हणू नये.

त्या जमिनीवर त्याने मोठा बोर्ड लावला आहे. त्यावर रंगीत चित्र आहे: मधोमध कमान, आत रस्ते, दोन्हीकडे घरे, एक गोरी बाई लेकराचा हात धरून चालली आहे. ते चित्र मला त्यानेच मोबाईलवर दाखवले. जिथे ती कमान आहे, बरोबर त्या जागी, मला बसवावे.

ज्यांना आमची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते. आमच्यात, लिंगायतांत, माणूस जाळत नाहीत. अंघोळ घालून, विभूती लावून, गळ्यातले लिंग तळहातावर ठेवून मांडी घालून मातीत बसवतात. शेतात बसवायची रीत शिरूरकडे जुनी आहे, शेजारच्या वावरातही त्यांचे म्हातारे बसलेले आहेत. लागणारी परवानगी आमचे जंगम, म्हणजे आमच्यातले पुरोहित, मलप्पा स्वामी यांनी विचारून ठेवली आहे. मला रस्त्याकडे तोंड करून बसवावे. वर दगडी ओटा बांधावा, कमरेइतका उंच, म्हणजे गाडीतून उतरणाऱ्याला आधी मी दिसेन. कमानीचा खर्च वाचेल.

एवढे करून मृत्युंजयने प्लॉट खुशाल विकावेत. माझी हरकत नाही. मी फक्त बसेन.

मला तिथे न बसवता दुसरीकडे नेल्यास जमीन मंजुषाची होईल.

कलम सातवे. वरच्या कलमाला एकच अपवाद.

लातूरच्या आमच्या समाजाच्या जागेत मालक बसले आहेत. त्यांच्या उजव्या हाताला माझी जागा राखून ठेवली आहे. ती मीच राखून घेतली होती. दुकान चालवताना आम्हाला बोलायला वेळ मिळाला नाही. गिऱ्हाईक असायचे, मग लेकरे असायची. पुष्कळ सांगायचे राहिले आहे. तेव्हा माझ्या मरणाच्या दिवशी घरातल्या कुणीतरी जिना चढून वर जाऊन पाहावे. हॉलमध्ये वर्ग भरलेला असेल, बाकांवर माणसे असतील, फळ्यावर खडू चालत असेल, तर मला मालकांशेजारी न्यावे आणि जमीन मृत्युंजयने मोकळी भोगावी. हॉल बंद असेल तर मला जमिनीवर न्यावे.

त्या दिवशी वर्गाला सुट्टी देऊ नये. मंजुषाला शिकवणे झाले नाही तर साखराबाईने शिकवावे, चुकले तरी चालेल. वर्ग सुटेपर्यंत मला खाली तशीच बसवून ठेवावे, भजन हळू म्हणावे. मला कुठे जायची घाई नाही.

हरिओमने विचारले, “अव्वा, रविवारी गेलात तर?”

“शनिवारचा वर्ग धरायचा.”

“आन् उन्हाळ्याच्या सुट्टीत?”

“उन्हाळ्यात मी मरत नसते. लिही.”

हे कलम लिहून होत असतानाच मृत्युंजय दारात येऊन उभा राहिला. पुढचे बोलणेही हरिओमने उतरवावे असे मी सांगितले. तो नको म्हणत होता. मी म्हटले, कागद माझा आहे.

“अव्वा, काय चाललंय हे? हरिओमभाऊ, तुम्ही इथं?”

“मरायचं चाललंय. बस,” मी म्हटले. “हरिओम, सहावं वाच त्याला.”

जमीन मृत्युंजयला, सगळी, इथपर्यंत वाचले तेव्हा त्याने खुर्ची ओढून घेतली. कमानीपर्यंत आले तेव्हा तो उभा राहिला.

“गेटवर? अव्वा, तिथं ऑफिस व्हायचंय माझं!”

“मग ऑफिसात बसंन. पंखा लाव.”

“लोक प्लॉट घेतील का मग?”

“का न्हाई घेणार? शेजार शांत हाय म्हणून सांग.”

“हे तू एका बाईसाठी करायलीस?”

“एकीसाठीच. घोळक्यासाठी करायला तू हायस ना, भावी नगरसेवक.”

मलप्पा स्वामी साक्षीला आलेले होते, ते खिडकीकडे तोंड करून खोकले. मृत्युंजय त्यांच्याकडे वळला. “स्वामी, तुम्ही तरी सांगा. असं कुणी करतं का?”

स्वामी म्हणाले, “अप्पा, मृताची इच्छा हाय. मी कोण?”

“मृताची कुठं? ही तर समोर बसलीय!”

“तेच तर तुझं नशीब,” मी म्हटले.

हरिओमने सातवे कलम वाचले. मृत्युंजय ऐकत राहिला. मग माझ्याजवळ येऊन बसला आणि खालच्या आवाजात बोलला. लहानपणी खोटे बोलायचा तेव्हाही आवाज खाली करायचा, पण हा तसला आवाज नव्हता.

“अव्वा, वडलांना सोडून तू तिथं रस्त्यावर एकटी बसशील? लॉरीच्या धुळीत?”

हरिओमने लेखणी उचलून धरली. मी त्याला म्हटले, गप्प बसले तेही लिही.

“बसंन,” मी म्हटले. “तू बसवशील तिथं बसंन. म्हणून तर तुझ्यावर सोडलंय.”

तो उठला. मंजुषा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दयानंद गेल्यापासून या माणसाने तिला नुसते सांगितले होते. विचारले कधी काही नव्हते. आज विचारले, “मंजुषा, हातोडी कुठं हाय?”

ती म्हणाली, “जिन्याखाली, भाऊजी. खिळे पण तिथंच आहेत.”

“बाकं उद्या आणतो. भंगारवाल्यानं मोडली नसतील तर.”

“मोडली असतील तर?” मी विचारले.

“नवी आणतो, अव्वा. आता झोडपू नको.”

तो कुलूप काढायला वर गेला. गच्चीवरून फळा ओढत आणल्याचा आवाज आला, मग भिंतीत खिळा ठोकल्याचा. साखराबाई साक्षीसाठी आली होती, ती जिन्यात जाऊन वर ओरडली, “अप्पा, जरा डावीकडं घ्या, मागच्याला दिसत न्हाई!”

हरिओमने माझ्याकडे पाहिले. भला माणूस आहे, त्याचे डोळे ओले झाले होते. म्हणाला, “अव्वा, झालं की सगळं मनासारखं. मग सहावं-सातवं कलम खोडू?”

मी म्हटले, “खिळा काढता बी येतो. शाईचा पॅड आण.”

वरील सर्व मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, समजावून सांगितला. त्यात काही कमी झालेले नाही आणि रागही तेवढाच आहे. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही; यापुढे करीन की नाही, हे वरच्या आवाजावर अवलंबून आहे. अंमलबजावणी उज्वलाने करावी.

स्थळ: लातूर, राहते घर
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

निशाणी डा. हा. अं.
शांतम्मा भ्र. ईश्वरप्पा हिप्परगे

साक्षीदार:

१. मलप्पा स्वामी, जंगम, रा. लातूर. सही.

२. साखराबाई, भाजी विक्रेती, रा. लातूर. सही. (इंग्रजीत करणार होती. उद्या कुणी खोटी म्हणू नये म्हणून मी मराठीत करायला लावली. रुसली आहे.)

दस्तलेखक: हरिओम, लातूर. सांगितल्याप्रमाणे लिहिले. वगळू दिले नाही.